चारही बाजू मोजल्या, तरी क्षेत्रफळ चुकलं: जमीन मोजणीवर वाचकांचे प्रश्न

या वेळी मोजणीवरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. साधनं निरनिराळी असली तरी बहुतेकांची अडचण एकच आहे: आकडा हाती आला, पण तो बरोबर आहे हे कशावरून? म्हणून उत्तरांत पद्धतीच्या जोडीला तिचा ताळा कसा घ्यायचा हेही सांगितलं आहे.

प्रश्न : चौकोनी प्लॉटच्या चारही बाजू टेपने मोजल्या. क्रमाने ४२, २८, ३९ आणि ३१ मीटर. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला, तर ११९४.७५ चौरस मीटर आले. मोजणीदाराच्या नकाशावर १११४ आहेत. ८० चौरस मीटर गेले कुठे?

बहुधा ते मुळात नव्हतेच. चार पट्ट्या टोकांना खिळे मारून जोडा आणि चौकट एका कोपऱ्यातून ढकला. ती कलते, बाजू होत्या तेवढ्याच राहतात आणि आतली जागा कमी होते. म्हणजे नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ ठरतच नाही. त्रिकोण मात्र असा कलत नाही. त्यामुळे पाचवं माप हवं, ते कर्णाचं.

कर्ण असा घ्या की ४२ आणि २८ च्या बाजू त्याच्या एका अंगाला राहतील, ३९ आणि ३१ च्या दुसऱ्या. समजा तो ५० मीटर भरला. पहिल्या त्रिकोणाच्या बाजू ४२, २८, ५०. बेरजेची निम्मी ६०. साठातून एकेक बाजू वजा करा: १८, ३२, १०. आता ६० × १८ × ३२ × १० = ३,४५,६००, त्याचं वर्गमूळ ५८७.८८. दुसरा त्रिकोण ३९, ३१, ५० चा. त्याचीही निम्मी बेरीज ६० आणि क्षेत्रफळ ६०४.४८. एकूण ११९२.३६, म्हणजे तुमच्या आकड्याच्या अगदी जवळ.

आता बाजू त्याच ठेवून कर्ण ५८ धरा. त्रिकोण ५५१.४८ आणि ५६२.८५ चे येतात, बेरीज १११४.३३. चौकोन उलट दिशेने कलला असेल तर कर्ण ४१ मीटरच्या आसपास असतानाही जवळजवळ एवढंच क्षेत्र येतं. तेव्हा टेप घेऊन तो एक कर्ण मोजा. ५८ च्या किंवा ४१ च्या जवळपास भरला तर मोजणीदार बरोबर आहे, ५० च्या आसपास भरला तर त्याला विचारायला जागा आहे.

सरासरीची रीत कधीच कमी क्षेत्र दाखवत नाही. कोपरे नेमके काटकोनात असतील तर ती बरोबर उत्तर देते, नाहीतर जास्तच. विकणाऱ्याला ती का आवडते हे वेगळं सांगायला नको.

जमलं तर दुसरा कर्णही मोजा. तो क्षेत्रफळाला लागत नाही, ताळ्याला लागतो. पाच मापांवरून १:२०० प्रमाणात आकृती काढा आणि दुसरा कर्ण कागदावर मोजा. जमिनीवरच्या मापाशी तो जुळला नाही, तर पाचपैकी एखादं माप चुकलं आहे. त्रिकोण पाडताना कोणताही कोन ३०° पेक्षा लहान किंवा १२०° पेक्षा मोठा येऊ देऊ नका. चपट्या त्रिकोणात टेपची किरकोळ चूक कोपऱ्याला बरंच सरकवते. एखादी बाजू वाकडी असेल तर तिच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणा आणि दर ५ मीटरवर दोरीपासून हद्दीपर्यंतचं लंब अंतर घ्या. लंब डोळ्याने धरू नका. दोरीवर ३ मीटर, आडवे ४ मीटर आणि तिरके ५ मीटर जुळले की काटकोन साधला.

प्रश्न : ३०० मीटरची रेघ सकाळी आणि भर दुपारी मोजली. टेप तीच, माणसं तीच, तरी दुपारचं माप ७ सेंटिमीटर कमी आलं. कोणतं खरं धरायचं?

दोन्ही नाही. पोलादी टेप २०° सेल्सिअसला बरोबर असते. तापमान एका अंशाने वाढलं की तिची लांबी मीटरमागे ०.०००११५ सेंटिमीटर नव्हे, ०.००११५ सेंटिमीटर वाढते. शून्यांची ही गल्लत हिशेबात वरचेवर होते, म्हणून मुद्दाम दोन्ही लिहिलं. सकाळी टेप २५° ला आणि दुपारी उन्हात ४५° ला असेल, तर ३० मीटरला ६.९ मिलिमीटर आणि दहा टेपांना ६९ मिलिमीटर फरक पडतो. हेच तुमचे ७ सेंटिमीटर. तापलेली टेप लांब होते, म्हणून तिच्यावर वाचलेला आकडा कमी येतो. सकाळच्या मापात १७ मिलिमीटर आणि दुपारच्या मापात ८६ मिलिमीटर मिळवले की दोन्ही एका जागी येतात. तापमान टेपचं घ्या, हवेचं नाही. उन्हात जमिनीवर पडलेली टेप हवेपेक्षा बरीच तापलेली असते.

लोक डोळ्याला दिसणाऱ्या चुकीची काळजी करतात आणि न दिसणारी सोडून देतात. टेप मध्यावर रेषेपासून ३० सेंटिमीटर सरकली तर लगेच ओरड होते, पण ३० मीटरला त्याने जेमतेम ६ मिलिमीटरचा फरक पडतो. उलट ३० मीटरमध्ये २ मीटर चढ असेल आणि टेप जमिनीलगत धरली, तर आडवं अंतर २९.९३३ मीटर असतं. म्हणजे एका टेपमागे ६७ मिलिमीटर जास्त, आणि साधा चढ म्हणून कुणी बघतही नाही. नकाशा आणि क्षेत्रफळ नेहमी आडव्या अंतरावर असतं. उतारावर टेप तुकड्या-तुकड्याने आडवी धरा, वर उचललेल्या टोकातून ओळंबा सोडा आणि तो टेकेल तिथे खूण करा. चढ जितका तीव्र, तितका तुकडा लहान. ओळंब्याची दोरी छातीपेक्षा उंच धरावी लागली तर तुकडा फार मोठा घेतला आहे.

अधांतरी धरलेली टेप झोळ खाते. सहाशे ग्रॅम वजनाची ३० मीटरची टेप दोन टोकांना धरून ५० न्यूटनने (साधारण ५ किलो) ओढली तर झोळामुळे १७ मिलिमीटर जास्त वाचलं जातं. ओढ १०० न्यूटन केली तर तेच ४ मिलिमीटरवर येतं. स्प्रिंग बॅलन्स लावला की ओढ दर वेळी सारखी राहते.

मोजणीतली सर्वांत मोठी चूक मात्र याहून साधी असते: टेपांची संख्या चुकणं. पुढचा माणूस प्रत्येक टेपला एक लोखंडी बाण रोवतो आणि मागचा तो उचलत जातो. शेवटी मागच्याच्या हातातले बाण मोजा. तोंडी मोजदाद सातव्या-आठव्या टेपला हमखास घसरते. टेपचा शून्य कुठे आहे तेही आधी पाहा. काहींचा कडीच्या बाहेरच्या कडेला असतो, काहींचा पट्टीवर थोडा आत.

प्रश्न : होकायंत्राने मोजणी शिकताना एका रेषेचा पुढचा आणि मागचा दिगंश (बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून मोजलेला कोन) १८०° ने जुळत नाही. यंत्र बिघडलं का?

यंत्र बिघडलं असतं तर ते प्रत्येक ठिकाणी सारखंच चुकलं असतं आणि फरक १८०° च राहिला असता. एका टोकाजवळ लोखंड किंवा वाहती वीज आहे. अ वरून ब चा दिगंश ४४°३०′ आणि ब वरून अ चा २२६°३०′ आला, तर फरक १८२° आहे, म्हणजे अ किंवा ब वर २° ची ओढ आहे. कुठे, ते त्या एका रेषेवरून कळत नाही. सगळ्या रेषा तपासा. ज्या रेषेचा फरक नेमका १८०° येईल तिची दोन्ही टोकं निर्दोष धरा आणि तिथून पुढच्या-मागच्या रेषा दुरुस्त करत चला. कुंपणाची तार, गाडी, विजेचा खांब, खिशातला मोबाइल, पोलादी टेप, सगळं दूर ठेवा.

प्रिझमॅटिक होकायंत्रावर अर्ध्या अंशापर्यंत वाचता येतं. १०० मीटरवर अर्धा अंश म्हणजे ८७ सेंटिमीटर. जंगलातली वाट, गुहा, प्राथमिक पाहणी यांना ते ठीक आहे. हद्दीसाठी वापरू नका.

प्रश्न : लेव्हलच्या (आडवं पाहून उंची मोजायच्या दुर्बिणीच्या) वहीतली बेरीज-वजाबाकी जुळते, तरी गटाराचा उतार प्रत्यक्षात उलटा निघाला. वहीचा ताळा खोटा कसा ठरतो?

वहीचा ताळा फक्त तुमचं गणित तपासतो, स्टाफवर (बिंदूवर उभ्या धरलेल्या आकड्यांच्या पट्टीवर) काय वाचलं ते नाही. एक लहान वही पाहू. बेंचमार्कची (उंची आधीच ठाऊक असलेल्या पक्क्या बिंदूची) उंची १००.००० मीटर. त्यावर मागचं वाचन (बॅकसाइट) १.४२५, म्हणजे दुर्बिणीची पातळी १०१.४२५. मधला बिंदू ०.९८०, त्याची उंची १००.४४५. बदलबिंदूवर (यंत्र हलवताना स्टाफ जिथे तसाच राहतो त्या बिंदूवर) पुढचं वाचन (फोरसाइट) २.३१०, उंची ९९.११५. यंत्र हलवलं, त्याच बदलबिंदूवर मागचं वाचन ०.८६५, नवी पातळी ९९.९८०. शेवटच्या बिंदूवर १.५४०, उंची ९८.४४०. मागच्या वाचनांची बेरीज २.२९०, पुढच्यांची ३.८५०, फरक −१.५६०. पहिल्या आणि शेवटच्या उंचीतला फरकही −१.५६०. ताळा जुळला.

आता ०.९८० ऐवजी चुकून १.९८० लिहिलं असतं तर? ताळा तेव्हाही जुळला असता, कारण मधलं वाचन त्या बेरजेत येतच नाही. आणि तुमच्या गटाराचे सगळे बिंदू बहुधा मधलेच होते. उपाय दोन. महत्त्वाचे बिंदू बदलबिंदू करा, किंवा यंत्राची उंची बदलून तेच बिंदू पुन्हा वाचा. शिवाय शेवटच्या बिंदूवर थांबू नका, बेंचमार्कवर परत या. परत आल्यावर राहिलेली तफावत चांगल्या कामात १२ मिलिमीटर गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ एवढ्यात असावी. २ किलोमीटरच्या फेरीला सुमारे १७ मिलिमीटर. साध्या कामाला १२ च्या जागी २५ चालतात. १:५०० उताराच्या गटारात ५० मीटरला सगळी मिळून १० सेंटिमीटर उतरण असते, हे ध्यानात ठेवून मर्यादा ठरवा.

उतार उलटा निघण्याचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे यंत्राची दृष्टिरेषा आडवी नसणं. ऑटो लेव्हलचा गोल बुडबुडा मध्यावर आला म्हणजे रेषा आडवी झाली असं नाही. वाहतुकीत आदळलेलं यंत्र बुडबुडा व्यवस्थित दाखवतं आणि तरी चुकीचं वाचतं. दोन खुंट्यांची चाचणी पंधरा मिनिटांत होते. ६० मीटरवर अ आणि ब खुंट्या ठोका. यंत्र नेमकं मध्यावर ठेवा: अ वर १.३२०, ब वर १.५८५. दोन्हीकडे अंतर सारखं असल्याने चूकही सारखी, म्हणून फरक ०.२६५ खरा. आता यंत्र अ च्या पलीकडे, त्याच रेषेत, २ मीटरवर न्या. अ वर १.४१० आलं, तर ब वर १.६७५ यायला हवं. १.६८७ आलं, तर दृष्टिरेषा ६० मीटरला १२ मिलिमीटर वर चढते आहे. ५० मीटरच्या गटाराची एक टोकाची वाचनं यंत्राजवळून आणि दुसऱ्या टोकाची लांबून घेतली, तर १० मिलिमीटर तिथेच गेले. यंत्र दुरुस्त होईपर्यंत मागचं आणि पुढचं अंतर सारखं ठेवून काम करता येतं. पावलांनी मोजलं तरी पुरतं. मधल्या बिंदूंची चूक मात्र या युक्तीने जात नाही.

स्टाफ धरणाऱ्याच्या हातूनही चुका होतात. स्टाफवर ३ मीटर वाचताना तो ५° कलला तर ११ मिलिमीटर जास्त वाचले जातात. स्टाफला बुडबुडा नसेल तर तो सावकाश पुढे-मागे झुलवायला सांगा आणि सर्वांत लहान आकडा लिहा. सरकत्या ॲल्युमिनियमच्या स्टाफचा सांधा पूर्ण बसून खटका लागला का, ते दर वेळी पाहा. अर्धवट बसलेला सांधा फक्त वरच्या वाचनांत चूक घालतो, त्यामुळे सपाट जागेवर ती दिसत नाही आणि उतारावर अचानक उगवते. बदलबिंदू मऊ मातीत घेतला तर यंत्र हलवेपर्यंत स्टाफ खचतो. तिथे लोखंडी प्लेट किंवा पक्का दगड हवा.

प्रश्न : पाण्याची पारदर्शक नळी लेव्हलऐवजी चालेल का?

खोलीच्या, पायाच्या, छोट्या अंगणाच्या कामाला बेधडक चालेल. नीट भरलेल्या नळीत २–३ मिलिमीटरपर्यंत पातळी मिळते आणि मधे भिंत आली तरी अडत नाही. हवेचा एक बुडबुडा मात्र सगळं बिघडवतो. पाणी एका टोकातून हळूहळू भरा, नळी झटका. मग दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते पाहा. अर्धी नळी उन्हात आणि अर्धी सावलीत असेल तर गरम पाणी हलकं होऊन त्या बाजूची पातळी वर दिसते. सुरुवातीची शेजारी-शेजारी तपासणी काम संपल्यावरही करा.

प्रश्न : टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या यंत्राने) पाच बिंदूंचा बंद ट्रॅव्हर्स (फिरून पहिल्या बिंदूवर येणारी रेषांची साखळी) केला. परिमिती ८४२ मीटर. परत आल्यावर पूर्वेला +०.०४१ आणि उत्तरेला −०.०३२ मीटर फरक राहिला. चालेल का? आणि तो घालवायचा कसा?

आधी कोन पाहा. पाच कोनांची बेरीज ५४०° हवी. ५ सेकंदाच्या यंत्राला (इथे अंशाचा साठावा भाग मिनिट, मिनिटाचा साठावा सेकंद) १० सेकंद गुणिले √५, म्हणजे साधारण २२ सेकंदांपर्यंत फरक सोडून द्यावा आणि पाचही कोनांत सारखा वाटावा. फरक मिनिटांत असेल तर वाटू नका, पुन्हा मोजा. कोन दुरुस्त करूनच पूर्व-उत्तर फरक काढा.

तुमची तफावत ०.०४१ आणि ०.०३२ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे ०.०५२ मीटर. ८४२ भागिले ०.०५२ केलं की १:१६,००० च्या आसपास येतं. प्लॉट किंवा बांधकामाच्या कामात सहसा १:५,००० ते १:१०,००० मागतात, तेव्हा चालेल. वाटणी बाजूच्या लांबीच्या प्रमाणात करा, याला बाउडिचची रीत म्हणतात. २१० मीटरच्या बाजूच्या वाट्याला पूर्वेत −१० मिलिमीटर आणि उत्तरेत +८ मिलिमीटर येतात. चिन्ह तफावतीच्या उलट.

हीच तफावत ६० सेंटिमीटर असती तर वाटणी करणं म्हणजे एका बिंदूची चूक पाचही बिंदूंना लावणं झालं असतं. तेव्हा तफावतीची दिशा काढा. ती एखाद्या बाजूला समांतर निघाली, तर त्या बाजूचं अंतर आधी तपासा.

आता जे बंद ट्रॅव्हर्स दाखवू शकत नाही ते. यंत्रातली तापमान-दाबाची नोंद चुकली, किंवा टेपच मुळात लांब असली, तर प्रत्येक बाजू त्याच प्रमाणात मोठी किंवा लहान होते. आकृती तशीच राहते, फक्त आकार बदलतो, आणि ती सुंदर बंद होते. १:१६,००० बघून खूश झालेल्या माणसाचं क्षेत्रफळ तरीही चुकलेलं असू शकतं. ही चूक पकडायला ट्रॅव्हर्स एका ज्ञात बिंदूवरून निघून दुसऱ्या ज्ञात बिंदूवर संपवावा लागतो. तापमानात १° ची चूक किलोमीटरला साधारण १ मिलिमीटर करते, म्हणून लहान कामात ती खपून जाते. प्रिझमचा (समोरच्या बिंदूवर धरलेल्या, किरण परतवणाऱ्या काचेचा) स्थिरांक, म्हणजे दर अंतरात मिळवायची ठरावीक दुरुस्ती, खपत नाही. तो ३० मिलिमीटरने चुकीचा निवडला तर अंतर १० मीटर असो वा ५०० मीटर, चूक ३० मिलिमीटरच. बाजू जवळपास सारख्या लांबीच्या असतील तर बंद ट्रॅव्हर्स तीही झाकून टाकतो. तपासणी सोपी आहे: एका सरळ रेषेत अ, ब, क घ्या. अब, बक आणि अक मोजा. अब + बक मधून अक वजा करून जे उरेल, तेवढी प्रत्येक अंतरात चूक आहे.

यंत्र बिंदूवर बसवतानाची ५ मिलिमीटरची हयगय ५० मीटरवरच्या मागच्या बिंदूला २० सेकंदांचा कोन चुकवते. म्हणजे ५ सेकंदाचं यंत्र घेऊन २० सेकंदाचं काम. बाजू आखूड असतील तिथे मध्य साधायला जास्त वेळ द्या.

प्रश्न : मोबाइल हातात धरून प्लॉटभोवती फिरलं की क्षेत्रफळ दाखवणारं ॲप कितपत खरं?

मोकळ्या आकाशाखाली मोबाइल ३ ते ५ मीटर चुकतो, झाडाखाली किंवा भिंतीलगत त्याहून जास्त. ४० × ३० च्या प्लॉटची परिमिती १४० मीटर. ॲपने काढलेली हद्द चारही बाजूंनी फक्त १ मीटर बाहेर गेली तरी क्षेत्र १४४ चौरस मीटरने, म्हणजे १२ टक्क्यांनी फुगतं. तीच १ मीटरची चूक १ किलोमीटर × १ किलोमीटरच्या तुकड्यात ०.४ टक्के होते. मोठ्या जागेचा अंदाज, किती खत किंवा किती पाइप लागेल, एवढ्यापुरतं ठीक. कोपऱ्याच्या भांडणात ते काढू नका.

प्रश्न : आरटीके रोव्हर (उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारा, काठीवरचा फिरता रिसीव्हर) ‘फिक्स’ दाखवत होता, तरी दुसऱ्या दिवशी तोच दगड १२ सेंटिमीटर सरकलेला निघाला. शिवाय रोव्हरच्या यूटीएम कोऑर्डिनेटवरून काढलेलं २५० मीटरचं अंतर टोटल स्टेशनपेक्षा १० सेंटिमीटर कमी येतं. विश्वास कशावर ठेवायचा?

हे दोन वेगळे आजार आहेत.

पहिला. आरटीके उपग्रहाच्या लहरी मोजतं आणि त्यातली एक लहर सुमारे १९ सेंटिमीटर लांब असते. उपग्रहापर्यंत किती पूर्ण लहरी मावल्या हा आकडा नक्की झाला की ‘फिक्स’, झाला नाही तर ‘फ्लोट’. भिंत, पत्र्याचं छप्पर, उभी गाडी यांवरून परावर्तित लहर आली की यंत्र कधीकधी चुकीचा आकडाही नक्की करतं आणि पडद्यावर खात्रीने ‘फिक्स’ लिहितं. म्हणून एकदा वाचून पुढे जाऊ नका. ३० सेकंद सरासरी घ्या, फिक्स मोडून पुन्हा लावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने, उपग्रहांची मांडणी बदलल्यावर, परत वाचा. दोन्ही वाचनं २–३ सेंटिमीटरमध्ये आली तरच नोंदवा.

त्याहून आधी बेस, म्हणजे एका जागी ठेवलेला ज्याच्यावरून रोव्हर आपली जागा ठरवतो तो रिसीव्हर, तपासा. पहिल्या दिवशी बेस ज्ञात बिंदूवर होता आणि दुसऱ्या दिवशी तो ‘आत्ताची जागा घे’ असं बटण दाबून सुरू केला, तर सगळे बिंदू एकत्र सरकतात. बहुधा मीटरभर, पण नशीब असेल तर १२ सेंटिमीटरही. सगळे बिंदू एकाच दिशेने सरकलेत का ते पाहा. तसं असेल तर दोष बेसचा, एकच दगड सरकला असेल तर फिक्सचा किंवा काठीचा. २ मीटरची काठी १° कलली की टोक ३५ मिलिमीटर सरकतं.

दुसऱ्यात कुणीच चुकलेलं नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवताना यूटीएममध्ये पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तावर प्रत्येक अंतर ०.९९९६ ने गुणलेलं असतं. २५० मीटरला १० सेंटिमीटर कमी. मध्यापासून साधारण १८० किलोमीटरवर हा गुणक १ होतो आणि पुढे १ पेक्षा वाढतो. त्यात उंचीची भर: समुद्रसपाटीपासून दर १०० मीटर उंचीला किलोमीटरमागे आणखी १६ मिलिमीटर. ६०० मीटर उंचीच्या जागी २५० मीटरला आणखी सव्वादोन-अडीच सेंटिमीटर कमी. इमारतीची आखणी यूटीएम आकड्यांवरून करायची असेल तर टोटल स्टेशनमध्ये हा गुणक घाला, किंवा जागेपुरती स्थानिक पद्धत बसवून घ्या. दोन्ही आकडे एका फाइलीत सरमिसळ झाले की इमारतीचे कॉलम (खांब) सरकतात आणि कारण सापडता सापडत नाही.

उंचीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगायला हवं. रोव्हर मुळात लंबवर्तुळी गोलापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची देतो, समुद्रसपाटीपासूनची नाही. दोन्हीतला फरक जगात काही ठिकाणी १०० मीटरपर्यंत जातो. त्याहून अडचणीचं म्हणजे तो जागोजागी बदलतो. लांब कालव्याचा उतार कच्च्या रोव्हर-उंचीवर ठरवला, तर कागदावर उतरणारं पाणी जमिनीवर थांबेल. जिओइडचं (समुद्रसपाटीच्या खऱ्या पृष्ठभागाचं) मॉडेल लावा आणि दोन-तीन बेंचमार्क लेव्हलने तपासा.

प्रश्न : ड्रोनने एका दिवसात सगळी जमीन मोजून होते म्हणतात. मग बाकीच्या यंत्रांची गरज काय?

एका दिवसात फोटो होतात, मोजणी नाही. २.४ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ८.८ मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग असलेला कॅमेरा १०० मीटरवरून उडवला तर एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचे २.७ सेंटिमीटर येतात. चांगल्या कामात आडवी अचूकता एक-दोन पिक्सेल आणि उंचीची दोन-तीन पिक्सेल मिळते, तीही जमिनीवर खुणा असल्या तर. उडण्याच्या दिशेने ७५–८० टक्के आणि आडवे ६५–७० टक्के फोटो एकमेकांवर यावे लागतात. चार कोपऱ्यांत आणि मध्ये मिळून निदान पाच नियंत्रण-खुणा ठेवा आणि त्या रोव्हरने मोजा. त्या नसतील किंवा एका बाजूलाच असतील, तर पृष्ठभाग मधे बशीसारखा खोल किंवा घुमटासारखा फुगलेला निघतो. अहवालात दाखवलेली चूक बहुधा याच खुणांवरची असते, म्हणजे ज्यांवर नकाशा बसवला त्यांवरच तपासलेली. गणितात न घातलेल्या तीन-चार वेगळ्या खुणांवरची चूक मागा.

फोटोला झाडाखालचा दगड दिसत नाही. गवत वाढलेलं असेल तर जमिनीऐवजी गवताच्या शेंड्यांची उंची मिळते. लायडार (लेसर किरणांनी अंतर मोजणारं साधन) फटींतून काही प्रमाणात जमीन गाठतं, दाट वेलींतून तेही नाही. खाणीचा ढीग, मातीकामाचं घनफळ, मोठ्या क्षेत्राचे समोच्च नकाशे यांना ड्रोनसारखं साधन नाही. कोपऱ्याच्या दगडाला रोव्हर किंवा टोटल स्टेशन, गटाराला लेव्हल. आणि फोटोत कुंपण दिसतं. ते हद्दीवर आहे की नाही हे नोंदींवरूनच ठरतं.

प्रश्न : प्लेन टेबल (तिपाईवरची पाटी, जिच्यावर जागेवरच नकाशा काढतात) अजून शिकवतात ते कशाला?

कारण नकाशा डोळ्यांसमोर तयार होतो आणि राहिलेली झाडं, वळणं तिथेच लक्षात येतात. टेबल आधीच्या बिंदूकडे पुन्हा नीट रोखलं नाही तर सगळा नकाशा पिळतो, हे हाताने करताना एकदा कळलं की टोटल स्टेशनवरचा मागचा बिंदू कुणी विसरत नाही. दमट हवेत कागद फुगतो, म्हणून प्रमाणाची पट्टी कागदावरच काढून ठेवतात.

प्रश्न : फील्डबुकात चुकीचं वाचन रबराने पुसलं तर बिघडतं काय?

पुसलेला आकडा खरा होता, असं संध्याकाळी निघालं तर तो परत कुठून आणणार? एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता यायला हवा, आणि बरोबर वाचन वर लिहा. प्रत्येक पानावर तारीख, यंत्राचा क्रमांक, तापमान, प्रिझमचा स्थिरांक, काठीची उंची आणि हाताने काढलेली आकृती असू द्या. काठीची उंची दर वेळी लिहा, बदलली नसली तरी. २.००० आणि १.८०० मधला २० सेंटिमीटरचा घोळ घरी बसून सोडवायचा, तर तेवढी एकच नोंद कामाला येते.